ऊसतोडीला गेलेल्या पालकांपर्यंत शाळा पोहोचवताना : 2024-25 च्या नोंदी

18 सप्टेंबर 2024, बुधवार

काल मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि त्यालाच जोडून पालक सभा घेतली. नेमकी कालच अनंत चतुर्दशी. झेंड्याला 80 माणूस, सभेला 13. त्यातले बहुतेक शाळा व्यवस्थापन समितीचेच. कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया लागतात. आमच्या कागदावर तेवढ्या आहेत. काल एकच आली, आणि तीही सही करून "गणपती बुडवायचाय" म्हणत निघाली.

विषयपत्रिकेवर नऊ विषय होते. मी परिपत्रकं एकामागून एक वाचत गेलो. शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बदलापूरची घटना सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती, म्हणून तक्रार पेटी आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती या दोन विषयांना माना हलल्या. बाकी वेळ लोक पंख्याकडं बघत होते. शेवटी एक बाप उठला. "सर, हे समदं ठीक हाय. पण दिवाळी झाली की आम्ही कारखान्याला. तव्हा लेकरू जेवलं का न्हाई, हे आम्हाला कोण सांगणार?"

नऊ विषयांत हा नव्हता. संध्याकाळी शाळेतल्या सहकारी मॅडम म्हणाल्या, सर, याचं काहीतरी करूच. म्हणून ही वही.

माहितीसाठी : बीड जिल्हा, बालाघाटाच्या डोंगरातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, पट 92, शिक्षक चार.

24 सप्टेंबर, मंगळवार

आठवडाभर शाळा सुटल्यावर गृहभेटी केल्या. वहीत रकाने आखले : कोण जाणार, कुठं, कोणत्या मुकादमाबरोबर (मुकादम म्हणजे मजुरांची टोळी कारखान्याला नेणारा), लेकरू कुणाकडं, फोन कसला. नवरा-बायको दोघंही ऊस तोडायला जाणारी 38 कुटुंबं निघाली. इकडच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाच्या शब्दात.

24 घरांत मोठा फोन, 11 घरांत बटणाचा, तिघांकडं फोनच नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांच्यातही गोम आहे. जुलैत रिचार्ज महागलं, आणि वैधता संपली की येणारे फोनसुद्धा बंद होतात. "मग आमचं काही असलं तर मुकादमाला लावा," असं सहा-सात जणांनी सांगितलं. लिहून घेतलं. पण मनाला पटलेलं नाही. मुकादमाच्या फोनवर घरातलं किती बोलायचं?

5 ऑक्टोबर, शनिवार

शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधीपासून आहे. त्यावर गुड मॉर्निंगची फुलं येतात, कुणाच्या तरी मोबाईल दुकानाची जाहिरात येते आणि निवडणूक जवळ आली की काय काय येतं ते लिहायला नको. त्यात शाळेचा निरोप वाहून जातो. म्हणून वेगळी ब्रॉडकास्ट यादी केली. निरोप सगळ्यांना एकदम जातो आणि उत्तर फक्त मला येतं. स्वतःवर खूश होऊन पहिला निरोप पाठवला, 24 जणांना.

दोन दिवसांत नऊ जणांना पोहोचला. बाकीच्यांपुढं एकच बरोबरची खूण.

केंद्रशाळेत एक तंत्रस्नेही शिक्षक आहेत. ते हसायलाच लागले. ज्याच्या फोनात तुमचा नंबर सेव्ह नाही, त्याला ब्रॉडकास्ट जातच नाही म्हणे. पाच वर्षं ज्यांच्या लेकरांना शिकवतोय, त्यांतल्या 15 घरांत माझा नंबर नव्हता. हे मात्र ते तंत्रस्नेही हसले त्यापेक्षा जास्त लागलं.

14 ऑक्टोबर, सोमवार

दसरा परवा झाला. टोळ्यांची बांधाबांध सुरू आहे. काल सुटी होती तरी पारावर दोन तास बसलो आणि प्रत्येकाच्या फोनात हातानं नंबर घातला. नाव : शाळा. एक मामा म्हणाले, "मला वाचता येत न्हाई सर, शाळा हाय का सोसायटीवाला, कसं कळणार?" मग नंबराला शाळेच्या घंटेचा फोटो लावला. ती घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आहे, गावात कुणीही ओळखतं. मग सगळ्यांच्याच फोनात तोच फोटो टाकला. बटणाच्या फोनात फोटोची सोय नाही, तिथं 2 चं बटण दाबून धरलं की शाळेला लागेल असं करून दिलं.

नियमही ठरवला : पालकांनी फक्त मिस्ड कॉल द्यायचा, फोन आम्ही करायचा.

26 ऑक्टोबर, शनिवार

चाचणी झाली, दिवाळीची सुटी लागली. 11 लेकरं आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जाणार आहेत. कुणाला तान्हं भावंड सांभाळायचंय, कुणाला मागं ठेवायला घरात म्हातारं माणूसच नाही. त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. कारखान्याच्या आसपास जी शाळा असेल तिथं हे दाखवलं की दाखला न मागता बसू द्यायचं असतं. कार्डाच्या मागं माझा नंबर ठळक लिहिला. तिथल्या गुरुजींनी फोन करावा म्हणून.

अपार आयडीच्या संमतीचं पत्र आलंय. ते मी सभेत जसंच्या तसं वाचलं असतं तर असं झालं असतं : "उपरोक्त विषयान्वये सर्व विद्यार्थ्यांच्या अपार आयडी निर्मितीकरिता पालकांची संमतीपत्रके प्राप्त करून घेणेबाबत." या वेळी मॅडमनी खडूनं फळ्यावर लिहिलं : "लेकराच्या शिक्षणाचा कायमचा नंबर निघणार आहे. त्याला आईची किंवा बापाची सही लागते. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच पाहिजे. द्यायचं नसेल तर नाही म्हणता येतं."

शेवटचं वाक्य वाचून दोन बायांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं विचारलं, "न्हाई म्हटलं तर नाव काढताल का?" नाही काढणार म्हटल्यावर तिनं सही केली.

आधारवर एका मुलाचं नाव 'गनेश' आणि शाळेत 'गणेश'. असे 14 निघाले. ते वेगळं पुराण.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

निवडणुकीच्या ड्युटीवरून काल आलो. गळीत हंगाम 15 तारखेला सुरू झाला आणि मतदान 20 ला. त्या पाच दिवसांत गावात जी ओढाताण झाली ती पाहण्यासारखी होती. मुकादम म्हणे चला, उमेदवार म्हणे थांबा. काही टोळ्या मतदान करून गेल्या, काही आधीच गेल्या.

आता गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री. मागं राहिलेल्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी अजून वरून यायचीय. तोपर्यंत दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतो, सकाळ-संध्याकाळ आजी घालेल ते.

26 नोव्हेंबर, मंगळवार

पहिला आवाजी निरोप पाठवला. लिहिलेलं कोण वाचतंय, म्हणून आवाज. मीच बोललो, सव्वादोन मिनिटं. नंतर स्वतः ऐकलं. परिपत्रकालाच तोंड फुटलं होतं.

पुसून टाकलं. चौथीतल्या एका पोराला म्हटलं, आज शाळेत काय झालं ते आईला सांगतोय असं समजून बोल. त्यानं फोन तोंडाजवळ इतका धरला की श्वासच जास्त ऐकू येतो. "मी शाळेत हाये. आज मटकीची उसळ होती. दोनदा घेतली. हिच्या पायाला लागलं होतं, मॅडमनी पट्टी केली, आता पळतीया. उद्या गणिताचा पेपर हाये. थंडी लई हाये, स्वेटर घातलाय." 31 सेकंद.

रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान 17 जणांची उत्तरं आली. त्याआधी एकही नाही. एका आईचा निरोप तेवढा मी दोनदा ऐकला. मागं गाडी भरल्याचा आवाज, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि ती म्हणते, "ह्यो कुणाचा हाय? माझा न्हाई, पण गोड हाय."

वेळ कळली : संध्याकाळी सात नंतर. पहाटे तीनला ऊस भरायला उठणारी माणसं ही, नऊ वाजता झोपतात. दुपारी फोन लागत नाही, कारण तो फडाच्या मालकाच्या मोटारीच्या खोलीत चार्जिंगला असतो.

5 डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते माझ्यामुळं झालं. नीट लिहून ठेवतो.

सोमवारी लोह-फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतो. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून पुढं निळी, आठवड्याला एक, जेवणानंतर. ही योजना बरीच जुनी आहे. पण फडावर कुणीतरी उठवलं की निळी गोळी पोरींना मूल होऊ नये म्हणून देतात. दोन दिवसांत नऊ मिस्ड कॉल. घाईघाईनं मी निरोप टाकला : गोळी रक्तवाढीची आहे, शौचाला काळसर झाली तरी घाबरू नका. इथं थांबायला हवं होतं. गोळीची गरज पटावी म्हणून पुढं सांगून बसलो की आपल्या शाळेत तपासणीत या सहा मुलींचं रक्त कमी निघालंय. नावांसकट.

एका मुकादमानं तो निरोप टोळीत मोठ्या आवाजात लावला. रात्री एका बापाचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त वाईट वाटलं. "सर, तुम्ही गावभर केलं. उद्या पोरीला सोयरीक आली नाही तर?"

मी माफी मागितली. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं : पोरगी सातवीत आहे.

7 डिसेंबर, शनिवार

मॅडमबरोबर सहाही घरी जाऊन आलो. पोरींची माफी मागितली, आज्यांची मागितली. एक मुलगी म्हणाली, "मला सगळे पांढरी म्हणायलेत." तिच्या वर्गाशी आज मॅडम बोलल्या, मला बाहेर थांबायला सांगून.

नवा नियम भिंतीवर लावलाय, स्टाफरूमच्या आतल्या बाजूनं. तब्येत, मार्क, गैरहजेरी, पैसे, भांडण, यांतलं काहीही यादीवर जायचं नाही. एकेका आईबापाला फोन. तोही त्यांच्याच फोनवर, मुकादमाच्या नाही. ज्या तीन घरांत फोन नाही, त्यांच्यासाठी टोळीतली एक बाई ठरवून घ्यायची, ज्या घरानं सांगितली ती.

23 डिसेंबर, सोमवार

चिक्कोडीकडं गेलेल्या दोन लेकरांच्या नव्या गुरुजींचा फोन आला. कर्नाटकात असूनही तिथं मराठी शाळा जवळ मिळाली. हमी कार्डाच्या मागचा नंबर बघून फोन केला म्हणे. 11 पैकी हे दोघं आणि आणखी तिघं शाळेत बसतायत. सहा नाहीत. शाळा चार किलोमीटर लांब आणि मधे नदी, असं एकानं सांगितलं. बाकीच्यांनी काही सांगितलं नाही.

हंगामी वसतिगृह सुरू झालं. संध्याकाळी पिठलं-भाकरी. त्याचा निरोप पाठवल्यावर जितकी उत्तरं आली तितकी वर्षभरात कशालाच आली नव्हती.

8 जानेवारी 2025, बुधवार

पहाटे पाचला मिस्ड कॉल. सातवीतल्या त्याच मुलीची आई. परत फोन लावला. अभ्यास, हजेरी, गोळ्या, हे सगळं मी सांगत सुटलो. तिनं मधेच विचारलं,

"सर, ती रातच्याला कुणाजवळ झोपती?"

"आजीजवळ की."

"आजीला ऐकू येत न्हाई."

मला काही सुचेना. रकान्यांत 'लेकरू कुणाकडं' हा प्रश्न होता. उत्तर 'आजी' आलं आणि मी पुढच्या घरी गेलो होतो.

मॅडम संध्याकाळी गेल्या. आजीला खरंच ऐकू येत नाही, आणि पुढच्या दाराची कडी नुसती अडकवलेली, ओढली की निघते. गावात रात्री अकरापर्यंत कट्ट्यावर बसणारी पोरं कोण, हे मॅडमना माहीत आहे.

10 जानेवारी, शुक्रवार

कडी बसवली. समितीच्या अध्यक्षांनी स्वतः पान्हा आणला, खर्च 70 रुपये. शेजारच्या चुलतीकडं दोन मुली झोपतात, आता ही तिसरी तिथं. अंगणवाडी ताई रोज संध्याकाळी डोकावणार.

आईला सात नंतर फोन केला. मॅडमच बोलल्या. मी बाजूला बसून ऐकत होतो. कडीचं सांगितल्यावर पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "मग राहू द्या तिला शाळेतच. ह्यांनी मार्चला बघायचं म्हणलं होतं."

मार्चला काय बघायचं होतं, ते दोघींनाही सांगावं लागलं नाही.

मी इतकी वर्षं बालविवाहाच्या सभेत कायदा सांगत आलो. मुलीचं वय 18, चाइल्डलाइनच्या 1098 ला फोन, गावात ग्रामसेवक हेच प्रतिबंध अधिकारी. लोक टाळ्या वाजवायचे. आईच्या लेखी लग्न म्हणजे सहा महिने मागं राहणाऱ्या पोरीच्या दाराची कडी होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ग्रामसेवकांच्या कानावर घातलंय, सखी सावित्री समितीतही नाव न घेता विषय घेतला. बापाशी मी परत बोलणार आहे. डिसेंबरातल्या फोननंतर तो माझं ऐकेल का, हा प्रश्नच आहे.

रकाना बदलला : रात्री कुणाजवळ, दाराला कडी, आजीची नजर आणि कान. उरलेल्या 26 घरी पुन्हा जायचं.

15 जानेवारी, बुधवार

संक्रांतीनिमित्त उलटं करून बघितलं. पालकांना म्हटलं, तुम्ही बोला, आम्ही लेकरांना ऐकवतो. 19 निरोप आले. परिपाठाला स्पीकरवर लावले. चौथ्या निरोपाला पहिलीतलं एक पोरगं हुंदके द्यायला लागलं, त्याचं बघून आणखी पाच. ज्यांच्या आईबापांचा निरोप आला नव्हता ती लेकरं जमिनीकडं बघत बसली होती. बंद केलं.

दुपारी एकेकाला ऑफिसात बोलावून कानाला फोन लावून दिला. न आलेल्यांना मी स्वतः फोन लावून दिले, दोन लागलेच नाहीत. त्या दोघांना तिळगूळ जास्त दिला. दुसरं काय करणार होतो?

11 फेब्रुवारी, मंगळवार

बापाशी बोललो. तो म्हणाला, "आठवीला तालुक्याला कशी जाईल ते सांगा, मग बोलू." एसटीचा मुलींचा पास मोफत आहे, हे त्याला माहीत नव्हतं. आमच्या फाट्यावर सकाळची गाडी कधी थांबते, कधी नाही, हे मात्र त्याला माहीत होतं. ते मलाही माहीत आहे.

11 मार्च, मंगळवार

यंदा हंगाम लवकर आटोपला. टोळ्या होळीच्या आधीच येऊ लागल्या. लेकरं खूश, पण घरं नाहीत. दिवस कमी भरले, उचल फिटली नाही, म्हणजे पुढच्या वर्षाचा कोयता आत्ताच बांधलेला. पाचवीत आठवड्यात तीन मारामाऱ्या झाल्या. तिन्ही पोरांच्या घरी मुकादम येऊन गेला होता. याचा निरोप करता येत नाही. मॅडम त्यांना दुपारी बागेला पाणी घालायला नेतात, तेवढंच.

3 एप्रिल, गुरुवार

या वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं, 8 ते 25 एप्रिल. दरवर्षी आमच्याकडं मध्याच्या सुमाराला उरकतात. लोकांनी लग्नाला, देवाला जायचं ठरवून ठेवलेलं. निरोप सहावीतल्या मुलीच्या आवाजात पाठवला : "पेपर 25 तारखेपर्यंत हायेत. मामाच्या गावाला त्याच्या आधी न्यायचं न्हाई. शाळा सकाळची हाये. पाण्याची बाटली द्या." कुणीच भांडायला आलं नाही. माझ्या आवाजात असता तर आले असते, असं मुख्याध्यापक म्हणाले. खरं असावं.

26 एप्रिल, शनिवार

काल शेवटचा पेपर झाला. निकाल 1 मे ला, झेंडावंदनानंतर. सातवीतल्या मुलीचा दाखला बापानं अजून मागितलेला नाही. तालुक्याच्या शाळेत नाव घालण्यासाठीही नाही आणि दुसऱ्या कशासाठीही नाही. आई कालच्या पेपराला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली होती, आत आली नाही.

जूनची तयारी म्हणून आज फोन असलेल्या 35 घरांना फोन लावून नंबर तपासले. आठ बदललेत, तीन बंद आहेत. एका फोनात घंटेचा फोटो जाऊन ट्रॅक्टरचा आलाय.